एकाच नावाचे दोन-दोन अमेरिकन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचा एक छोटा क्विझचा ग्रुप आहे, रविवारी रात्री जेवणं झाली की फोनवर जमतो. त्यात अमेरिकेचा इतिहास निघाला की दर वेळी कुणीतरी विचारतंच, "थांब थांब, हा कुठला जॉन्सन?" मी स्वतः एकदा फायनलला चेस आडनावाच्या दोघांमध्ये गोंधळलो आणि ट्रॉफी गेली, ती जखम अजून ओली आहे. तर तेच तेच प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र टाकतोय.

अमेरिकेत ही नावांची सरमिसळ एवढी का होते?

सरमिसळ काय, आपल्याकडेही होते की. पहिल्या बाजीरावाच्या नातवाचं नाव बाजीरावच, आणि शाळेत दोघांची उत्तरं एकमेकांच्या नावावर खपवलेले आपण सगळेच. पण आपल्याकडे मधे वडिलांचं नाव येतं त्यामुळे बाळाजी विश्वनाथ आणि बाळाजी बाजीराव हे वेगळे आहेत ते लगेच कळतं. तिकडे मधलं नाव कुठूनही येतं, आईचं माहेरचं आडनाव, बापाच्या आवडत्या पुढाऱ्याचं नाव, काहीही. त्यात बाप हयात असतानाच त्याचं पूर्ण नाव जसंच्या तसं पोराला द्यायची पद्धत, मग बाप सीनियर आणि पोरगा ज्युनियर. नावंही मोजकीच, आतापर्यंतच्या राष्ट्राध्यक्षांत सहा जण जेम्स आहेत: मॅडिसन, मन्रो, पोक, ब्युकॅनन, गारफिल्ड आणि कार्टर. जिमी कार्टर म्हणजे जेम्सच, हे क्विझमध्ये हमखास सुटतं.

आणखी एक पद्धत होती जी ऐकून जरा कसंतरी होतं. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन, त्याचा थोरला मुलगा फिलिप 1801 मध्ये द्वंद्वात गोळी लागून गेला, पुढच्या वर्षी धाकटा जन्मला, त्याचंही नाव फिलिप ठेवलं. आणि 1804 मध्ये हॅमिल्टन स्वतःही द्वंद्वातच गेला. म्हणजे धाकट्या फिलिपला ना भाऊ बघायला मिळाला ना बाप धड आठवत असणार.

जेफरसन डेव्हिस नक्की कुठल्या बाजूने लढला?

उत्तर विरुद्ध दक्षिण अशा अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी! कारण ते दोघे होते. माझा सगळ्यात आवडता प्रश्न हा, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

एक जेफरसन डेव्हिस सगळ्यांना माहीत असलेला, गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा राष्ट्राध्यक्ष. (हाच माणूस आधी 1853 ते 57 अमेरिकेचा युद्धमंत्री होता आणि त्याच्या काळात अमेरिकन लष्कराने टेक्सासच्या रखरखाटात वापरायला चक्क उंट मागवले होते, ते प्रकरण वेगळंच मजेशीर आहे.) दुसरा जेफरसन सी. डेव्हिस, इंडियानाचा, उत्तरेच्या सैन्यातला जनरल. मधला सी म्हणजे कोलंबस. 1861 च्या एप्रिलमध्ये फोर्ट समटरवर तोफा डागून युद्ध सुरू झालं तेव्हा हा दुसरा डेव्हिस त्या किल्ल्याच्या आतच होता, आणि बाहेरून तोफा डागणारे पहिल्या डेव्हिसच्या सरकारचे लोक.

आता पुढचं ऐका. सप्टेंबर 1862, लुइव्हिल शहर, गाल्ट हाउस नावाचं हॉटेल, सकाळची वेळ. जनरल विल्यम नेल्सन हा डेव्हिसचा वरिष्ठ, सहा फुटांच्या वर धिप्पाड गडी, लोक त्याला "बुल" म्हणायचे. काही दिवसांआधी त्याने डेव्हिसला चारचौघांत झापून शहरातून घालवून दिलेलं. डेव्हिस परत आला आणि हॉटेलच्या लॉबीत माफी माग म्हणाला. नेल्सनने उडवून लावलं. डेव्हिसने हातातलं हॉटेलचं कार्ड चुरगळलं आणि त्याच्या तोंडावर टिचकीने उडवलं, नेल्सनने फाडकन कानाखाली वाजवली आणि जिन्याकडे निघाला. डेव्हिसने आजूबाजूला पिस्तूल मागितलं, एकाने दिलं, मागे जाऊन काही फुटांवरून छातीत गोळी घातली. तासाभरात नेल्सन गेला.

आणि शिक्षा? काही नाही. दक्षिणेची फौज शहराच्या तोंडाशी आलेली, अनुभवी अधिकारी कमी, वर इंडियानाचा गव्हर्नर डेव्हिसच्या पाठीशी, त्यामुळे कोर्ट मार्शल झालंच नाही आणि साहेब पुढे अख्ख्या कोअरचे, म्हणजे हजारोंच्या फौजेचे, कमांडर झाले.

पण या नावामुळे युद्धात खरंच कधी घोळ झाला का?

झाला ना. 1863 च्या सप्टेंबरमध्ये चिकामॉगाच्या लढाईत संध्याकाळी अंधारून आलेलं, धुरात काही दिसेना. ओहायोच्या 21 व्या पलटणीतल्या लोकांना समोरून माणसं येताना दिसली, त्यांनी ओरडून विचारलं तुम्ही कुणाचे, तिकडून उत्तर आलं जेफ डेव्हिसचे. हे निवांत झाले, म्हणाले आपल्याच जनरलची माणसं आली. ती निघाली फ्लोरिडाची पलटण, दुसऱ्या जेफ डेव्हिसची, आणि ओहायोवाल्यांच्या छातीवर बंदुका. नाव विचारून घ्यायचं असतं, पण कुठला ते पण विचारायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. डिसेंबर 1864, जॉर्जियातली एबेनेझर खाडी. उत्तरेच्या या डेव्हिसच्या फौजेमागे शेकडो काळी माणसं चालत होती, गुलामीतून सुटलेली, बायका-पोरांसकट. फौज तरंगत्या पुलावरून पलीकडे गेली आणि याने तो पूल काढून घ्यायला लावला. मागे दक्षिणेचं घोडदळ, पुढे थंडगार पाणी. कित्येकांनी उड्या मारल्या आणि बुडाले, बाकीचे पकडले गेले. वॉशिंग्टनपर्यंत बोंब झाली पण याला काही झालं नाही. पुढे 1867 मध्ये रशियाकडून अलास्का घेतल्यावर तिथला पहिला लष्करी कमांडर म्हणून यालाच पाठवला.

विन्स्टन चर्चिल अमेरिकन होता असं कुणीतरी म्हणालं, खरं का?

खरं, फक्त तुमच्या डोक्यात आहे तो नाही. सिगारवाल्या चर्चिलची आई ब्रुकलिनची होती एवढाच त्याचा अमेरिकेशी रक्ताचा संबंध. पण सेंट लुइस शहरात 1871 मध्ये जन्मलेला एक वेगळाच विन्स्टन चर्चिल होता, कादंबरीकार, ब्रिटिश चर्चिलपेक्षा तीन वर्षांनी मोठा, आणि 1899-1900 च्या सुमाराला अमेरिकेत कुणी "चर्चिलचं नवीन पुस्तक वाचलं का" म्हणालं तर त्याला हाच अभिप्रेत असायचा. धो धो खप होता त्याचा.

ब्रिटिश चर्चिल तेव्हा पंचवीस वर्षांचाही नव्हता. त्याच्या लक्षात आलं की लोक आपलं अभिनंदन करतायत ते भलत्याच कादंबरीबद्दल. जून 1899 मध्ये त्याने अमेरिकेतल्या चर्चिलला पत्र लिहिलं, मिस्टर विन्स्टन चर्चिल यांचा मिस्टर विन्स्टन चर्चिल यांना नमस्कार अशा थाटात, की गोंधळ टाळायला मी यापुढे पुस्तकांवर विन्स्टन स्पेन्सर चर्चिल अशी सही करतो. अमेरिकन चर्चिलनेही त्याच थाटात कळवलं की मला मधलं नावच नाही, असतं तर मीही लावलं असतं. आजही ब्रिटिश चर्चिलच्या पुस्तकांवर मधे एस असतो तो या पत्रामुळे. 1953 चं साहित्याचं नोबेल त्या एस वाल्यालाच मिळालं, आणि कादंबऱ्या खपवणाऱ्या पहिल्याला आज अमेरिकेतही फारसं कुणी ओळखत नाही, काय करणार.

डिसेंबर 1900 मध्ये दोघे बॉस्टनला भेटले पण. पुढे अमेरिकन चर्चिलही राजकारणात पडला, न्यू हॅम्पशरच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला, आपटला. त्याचं कॉर्निश गावातलं घर मात्र राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनने 1913 ते 15 उन्हाळ्यात राहायला घेतलं होतं, म्हणजे काही काळ अमेरिकेचा कारभार चर्चिलच्या घरातून चालला!

जाता जाता, एस वाल्याचा मुंबईशी संबंध आहे. 1896 मध्ये पलटणीबरोबर बोटीने मुंबईला आला तेव्हा ससून डॉकवर उतरताना भिंतीतली लोखंडी कडी पकडली, तेवढ्यात लाटेने होडी खाली गेली आणि खांदा निखळला. ते दुखणं आयुष्यभर पुरलं.

व्हॉट्सॲपवर लिंकन-केनेडीचं साम्य फिरतं त्यात दोघांनंतर जॉन्सनच आला म्हणतात, ते तरी खरं आहे का?

ते खरं आहे. लिंकननंतर अँड्र्यू जॉन्सन, केनेडीनंतर लिंडन जॉन्सन, दोघे उपराष्ट्राध्यक्ष, दोघे दक्षिणेकडचे, एक 1808 चा जन्म आणि दुसरा 1908 चा. नातं काही नाही. लिंकन आणि केनेडी यांची 1846 आणि 1946 मध्ये काँग्रेसवर निवड, 1860 आणि 1960 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवड, हेही बरोबर.

पण त्याच फॉरवर्डमध्ये "लिंकनच्या सेक्रेटरीचं नाव केनेडी आणि केनेडीच्या सेक्रेटरीचं नाव लिंकन" असतं ना, त्यातलं अर्धंच खरं. केनेडीकडे एव्हलिन लिंकन नावाच्या सेक्रेटरी होत्या. लिंकनचे सेक्रेटरी मात्र जॉन निकोले आणि जॉन हे, केनेडी कुणी नाही. आणि मारेकऱ्यांचे जन्म बरोबर शंभर वर्षांच्या अंतराने झाले हेही जमवलेलं, जॉन विल्क्स बूथ 1838 चा, ऑस्वाल्ड 1939 चा. पुढच्या वेळी काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं की हे चिकटवा.

अँड्र्यूबद्दल एक सांगतो कारण तो नेहमी लिंडनच्या सावलीत जातो: हा माणूस शाळेचं तोंडही न बघितलेला शिंपी होता, टेनेसीत दुकान चालवायचा. 1868 मध्ये त्याच्यावर महाभियोग झाला, सिनेटमध्ये 35 विरुद्ध 19, हाकलायला 36 लागत होती. एका मताने खुर्ची वाचली.

मग त्या महाभियोगात न्यायाधीश असलेला चेस म्हणजे ज्याच्यावर स्वतःवर महाभियोग झाला तोच ना?

नाही! इथेच माझी ट्रॉफी गेली. सॅम्युअल चेस आणि सॅमन चेस, दोघे सुप्रीम कोर्टात, मधे साठ-सत्तर वर्षांचं अंतर.

सॅम्युअल चेस जुना, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. 1804 मध्ये त्याच्यावर महाभियोग आणला, 1805 मध्ये सुटला. आजपर्यंत सुप्रीम कोर्टाच्या ज्या एकमेव न्यायाधीशावर महाभियोग झाला तो हा. त्या खटल्यात अध्यक्षस्थानी कोण, तर उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर, ज्याने काही महिन्यांपूर्वीच हॅमिल्टनला गोळी घातली होती आणि ज्याच्यावर त्याबद्दल आरोप ठेवलेले होते. आरोपीनेच न्यायाधीशाचा निवाडा चालवला म्हणा ना.

सॅमन चेस म्हणजे लिंकनचा अर्थमंत्री. नाव तेच, माशाचं. याला राष्ट्राध्यक्ष व्हायची इतकी घाई होती की 1862 मध्ये एक डॉलरची नोट काढली तेव्हा त्यावर स्वतःचा फोटो छापला, घरोघरी प्रचार फुकट. राष्ट्राध्यक्ष काही झाला नाही, लिंकनने त्याला 1864 मध्ये सरन्यायाधीश करून टाकलं आणि म्हणून अँड्र्यू जॉन्सनच्या खटल्यात तो अध्यक्षस्थानी होता. पुढे दहा हजार डॉलरच्या नोटेवरही त्याचाच चेहरा आला. आणि जेपीमॉर्गन चेस बँकेतला चेस हाच, 1877 मध्ये म्हणजे तो गेल्यावर चार वर्षांनी त्याच्या नावाने बँक काढली, त्याने स्वतः काढलेली नाही.

लक्षात ठेवायला मी आता असं करतो: मासा नोटेवर, सॅम्युअल कोर्टाच्या पिंजऱ्यात.

ॲडम्स किती आहेत एकूण?

कामाचे तीन. जॉन ॲडम्स दुसरा राष्ट्राध्यक्ष, त्याचा मुलगा जॉन क्विन्झी ॲडम्स सहावा, आणि सॅम्युअल ॲडम्स हा जॉनचा दूरचा चुलत भाऊ, बॉस्टनमध्ये लोकांना ब्रिटिशांविरुद्ध पेटवणारा. स्पेलिंग बघून आपण क्विन्सी म्हणतो पण घरचे लोक क्विन्झी म्हणायचे, हे त्याच्या आईच्या आजोबांचं नाव, ते मरणपंथाला लागलेले असताना हा जन्मला म्हणून ठेवलं.

थोरला जॉन 4 जुलै 1826 ला गेला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, आणि त्याच दिवशी काही तास आधी जेफरसनही गेला. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये मुलगाच होता. फोन नव्हते, तार नव्हती, बाप गेल्याची बातमी त्याला घराकडे निघाल्यावर वाटेत कळली.

मुलगा मला बापापेक्षा जास्त आवडतो. राष्ट्राध्यक्ष असताना पहाटे पोटोमॅक नदीत उघडाच पोहायला जायचा. निवडणूक हरल्यावर घरी बसला नाही, साधा खासदार म्हणून परत निवडून आला आणि सतरा वर्षं गुलामगिरीविरुद्ध भांडत राहिला. 1841 मध्ये गुलाम म्हणून नेताना बंड केलेल्या आमिस्ताद जहाजावरच्या आफ्रिकन लोकांची बाजू सुप्रीम कोर्टात याने मांडली, वय 73. शेवटी 1848 मध्ये सभागृहातच बाकावर कोसळला आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत गेला.

चार्ल्स ली हिरो की गद्दार?

कुठला? जनरल चार्ल्स ली जन्माने इंग्रज, स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या हाताखालचा पण स्वतःला त्याच्यापेक्षा शहाणा समजणारा. डिसेंबर 1776 मध्ये फौजेपासून लांब एका खानावळीत मुक्कामाला थांबला आणि सकाळी झोपायच्या कपड्यांतच ब्रिटिशांनी उचलला. कैदेत असताना त्याने ब्रिटिशांना अमेरिकनांना कसं हरवायचं याचा प्लॅन लिहून दिला होता, तो कागद 1850 च्या दशकात उजेडात आला, तोवर बिचारे लोक त्याच्या नावाचं गाव वसवून बसले होते. न्यू जर्सीतलं फोर्ट ली हे त्याच्याच नावाने, आणि आज तिथे पाटी काढायला कुणी गेलेलं नाही.

दुसरा चार्ल्स ली व्हर्जिनियाचा वकील, वॉशिंग्टन आणि ॲडम्सचा ॲटर्नी जनरल. कायदा शिकणाऱ्यांना "मार्बरी विरुद्ध मॅडिसन" हा खटला पाठ असतो, त्यात मार्बरीचा वकील हा. सॅम्युअल चेसच्या खटल्यातही बचावाच्या टीममध्ये हा होता. यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली, त्याचा हा सख्खा काका. जनरल चार्ल्स लीचा या घराण्याशी काडीचा संबंध नाही.

चेसच्या त्याच टीममध्ये फिलिप बार्टन की नावाचा वकील होता आणि इथून एक वेगळंच शेपूट निघतं. त्याचा पुतण्या फ्रान्सिस स्कॉट की, अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिणारा. त्याने आपल्या मुलाचं नाव काकाच्या नावावरून फिलिप बार्टन कीच ठेवलं. हा दुसरा फिलिप वॉशिंग्टन शहराचा सरकारी वकील झाला, एका खासदाराच्या बायकोशी त्याचं जमलं, आणि 1859 मध्ये व्हाइट हाउससमोरच्या चौकात दिवसाढवळ्या त्या खासदाराने, डॅनियल सिकल्सने, त्याला गोळ्या घातल्या. सिकल्स सुटला, डोकं तात्पुरतं फिरलं होतं हा बचाव अमेरिकेत तिथे पहिल्यांदा चालला. आणि राष्ट्रगीतवाल्याच्या नावावरून पुढे लांबच्या नात्यातल्या एका मुलाचं नाव ठेवलं फ्रान्सिस स्कॉट की फिट्झजेराल्ड. हो, तोच कादंबरीकार.

जनरल जॉन्स्टन शायलोला मेला तर 1865 मध्ये शरण कोण आलं?

दोघेही यादवी युद्धातले दक्षिणेचे जनरल. आल्बर्ट सिडनी जॉन्स्टन शायलोच्या लढाईत गेला, एप्रिल 1862, गुडघ्यामागे गोळी लागली, बुटात रक्त साचलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. शरण आला तो जोसेफ जॉन्स्टन, उत्तरेच्या जनरल शर्मनपुढे.

आणि मग या दोघा शत्रूंची दोस्ती झाली. फेब्रुवारी 1891 मध्ये शर्मन वारला, न्यूयॉर्कमध्ये अंत्ययात्रा, जोसेफ जॉन्स्टन खांदेकऱ्यांत, वय 84, कडाक्याची थंडी आणि म्हातारा टोपी काढून उभा. कुणीतरी म्हणालं टोपी घाला, आजारी पडाल. तो म्हणाला माझ्या जागी शर्मन असता तर त्याने घातली नसती. न्यूमोनिया झाला, महिन्याभरात गेला. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी आवंढा येतो, आणि तरी मला माहितीय की हा माणूस गुलामगिरीच्या बाजूने लढला होता.

मुहम्मद अलीचं आधीचं नाव कॅशियस क्ले, ते कुणा गुलामांच्या मालकाचं होतं का?

अर्धवट. मूळ कॅशियस मार्सेलस क्ले केंटकीच्या श्रीमंत जमीनदाराचा मुलगा, घरात गुलाम होते, पण तो स्वतः गुलामगिरीचा कट्टर विरोधक झाला. 1845 मध्ये लेक्सिंग्टनला पेपर काढला आणि ऑफिसच्या दाराशी दोन तोफा ठेवल्या, कारण लोक फोडायला येणार हे माहीत होतं. एकदा सभेत त्याच्यावर पिस्तूल झाडलं तर गोळी त्याच्या सुऱ्याच्या म्यानात अडकली, मग याने तोच सुरा काढून समोरच्याची जी अवस्था केली ती इथे लिहीत नाही. नंतर लिंकनने त्याला रशियाला राजदूत म्हणून पाठवलं. म्हातारपणी, 84 व्या वर्षी, पंधरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, म्हणजे एका बाबतीत पुढारलेला माणूस सगळ्याच बाबतीत असतो असं नाही.

अलीचे वडीलही कॅशियस क्लेच होते, या माणसाच्या नावावरून. 1964 मध्ये मुलाने नाव बदललं, कारण त्याच्या मते ते गुलामीचं नाव होतं. नाव विरोधकाचं असलं तरी क्ले हे आडनाव त्याच्या पूर्वजांनी काही निवडून घेतलेलं नव्हतं, त्यामुळे मला त्याचं पटतं.

मार्टिन ल्यूथर किंगचं खरं नाव मायकल होतं ही अफवा आहे ना?

अफवा नाही. 1929 मध्ये जन्मला तेव्हा मायकल किंग, वडीलही मायकल. 1934 मध्ये वडील धर्मगुरूंच्या परिषदेला जर्मनीला गेले, तिथे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा देश बघून आले आणि आल्यावर स्वतःचं आणि पोराचंही नाव बदललं. त्यामुळे आता जगात तीन मार्टिन ल्यूथर गोंधळ घालतात. 1959 मध्ये किंग महिनाभर भारतात होते, तेव्हा मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात मुक्काम केला होता, जिथे गांधीजी उतरायचे.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरलेला थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होता का?

नाही हो, तो 1919 मध्येच गेला. उतरला तो मुलगा, लोक त्याला ज्युनियर म्हणायचे. खरं म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या वडिलांचंही नाव थिओडोरच, म्हणजे हा तिसरा. 6 जून 1944 ला हातात काठी, वय 56, पहिल्या तुकडीबरोबर युटा किनाऱ्यावर उतरलेला एकमेव जनरल. होड्या भलत्याच जागी लागल्या होत्या, याने तिथूनच पुढे जायचं ठरवलं. त्याच दिवशी त्याचा मुलगा क्वेंटिन ओमाहा किनाऱ्यावर उतरला. आणि हा क्वेंटिनही दुसरा! पहिला क्वेंटिन त्याचा काका, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये विमानासकट पडलेला. जनरल महिन्याभरात हृदयविकाराने गेला, नंतर धाकट्या भावाचे अवशेष हलवून त्याच्या शेजारी आणले, आज दोघे भाऊ शेजारी शेजारी आहेत.

फ्रँकलिन रूझवेल्ट? तो थिओडोरचा पाचव्या पिढीतला चुलत भाऊ. त्याची बायको एलिनॉर मात्र थिओडोरची सख्खी पुतणी, माहेर-सासर दोन्ही रूझवेल्ट, आडनाव बदलायची कटकटच नाही.

हार्लन, हॅरिसन, होम्स, मॅकार्थी एका झटक्यात सांगा.

हार्लन: आजोबा-नातू दोघे सुप्रीम कोर्टात, दोघे जॉन मार्शल हार्लन. 1896 मध्ये काळ्या-गोऱ्यांसाठी रेल्वेत वेगळे डबे चालतील असं कोर्ट म्हणालं तेव्हा एकटे आजोबा विरोधात. 1955 मध्ये शाळांमधला भेद संपवायचा आदेश कोर्टाने एकमताने दिला त्यात नातू.

हॅरिसन: आजोबा विल्यम हेन्री महिनाभरच राष्ट्राध्यक्ष होते, नातू बेंजामिन पूर्ण चार वर्षं. नातवाच्या काळात व्हाइट हाउसमध्ये वीज आली आणि शॉक लागेल म्हणून नवरा-बायको बटणाला हात लावत नसत.

होम्स: बाप डॉक्टर आणि कवी, भूल देण्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो सुचवणारा. मुलगा न्यायाधीश, यादवी युद्धात तीनदा गोळी खाऊन नव्वदीपर्यंत कोर्टात बसलेला. दोघे ऑलिव्हर वेंडेल.

मॅकार्थी: कम्युनिस्ट शोधत फिरणारा तो जोसेफ, विस्कॉन्सिनचा. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध 1968 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला तो युजीन, शेजारच्या मिनेसोटाचा.

जॉर्ज बुश दोन की तीन?

राष्ट्राध्यक्ष दोन, बाप-लेक, हे सगळ्यांना माहीत. पण जॉर्ज वॉशिंग्टन बुश नावाचा एक काळा शेतकरी होता, त्या घराण्याशी संबंध नाही. 1840 च्या दशकात कुटुंबासह पश्चिमेला निघाला, ओरेगनमध्ये काळ्यांना राहायला बंदी म्हणून आणखी उत्तरेला गेला, आजच्या वॉशिंग्टन राज्यात टमवॉटरला शेत केलं. नंतर येणाऱ्या गोऱ्यांना उपाशीपोटी धान्य दिलं, आणि कायद्याने मात्र याची जमीन याच्या नावावर होईना. शेवटी त्या शेजाऱ्यांनीच अर्ज केला आणि 1855 मध्ये काँग्रेसने खास त्याच्यासाठी ठराव करून जमीन दिली. त्याचा मुलगा 1889 मध्ये त्या राज्याच्या पहिल्या विधिमंडळात निवडून आला.

जॉन ब्राऊनवरचं ते गाणं फाशी गेलेल्या जॉन ब्राऊनवरच आहे ना?

आधी दुसरा ब्राऊन संपवू. प्रॉव्हिडन्सचा जॉन ब्राऊन गुलामांचा व्यापारी होता, 1797 मध्ये त्या धंद्यापायी त्याच्यावर खटला होऊन जहाज जप्त झालं, आणि त्याचा सख्खा भाऊ मोझेस मात्र गुलामगिरीविरोधी. ब्राऊन विद्यापीठ या घराण्याचं, पण नाव दिलं ते पुतण्या निकोलसने 1804 मध्ये पाच हजार डॉलर दिले म्हणून.

गुलामगिरीविरुद्ध हत्यार उचलणारा जॉन ब्राऊन वेगळा, हार्पर्स फेरीचं शस्त्रागार लुटायला गेला, त्याला पकडलं रॉबर्ट ई. लीने, आणि 2 डिसेंबर 1859 ला फाशी झाली तेव्हा बंदोबस्ताच्या शिपायांत उभा होता जॉन विल्क्स बूथ, पुढे लिंकनला मारणारा.

आता गाणं. 1861 मध्ये बॉस्टनच्या फोर्ट वॉरनवर मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीत एक स्कॉटिश सार्जंट होता, नाव जॉन ब्राऊन. तो उशिरा आला की पोरं म्हणायची, अरे हा कसा जॉन ब्राऊन, तो तर मेला, थडग्यात सडतोय! त्या चेष्टेतून ओळी जमल्या, चाल प्रार्थनेची लावली, आणि पलटण रस्त्यातून गात निघाली. ऐकणाऱ्यांना वाटलं फाशी गेलेल्यावरच आहे, त्यांनीही उचललं, आणि सगळ्या उत्तरेत झालं. ज्युलिया वॉर्ड हाउने वॉशिंग्टनजवळ शिपायांच्या तोंडून ते ऐकलं आणि त्याच चालीवर आपले शब्द बसवले, ते आजही अमेरिकेत गातात. सार्जंट ब्राऊन 1862 च्या जूनमध्ये व्हर्जिनियात शेनान्डोआ नदी ओलांडताना बुडाला. पलटण पुढे गेली, गाणं म्हणतच असणार.